निबंधाच्या वहीत कारण कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिली घटक चाचणी आटोपली की आपल्या अंकात केंद्र आणि तालुका पातळीवरच्या निबंध-वक्तृत्व स्पर्धांच्या बातम्या येऊ लागतात. विषय वाचायचीही गरज पडत नाही. मोबाईल शाप की वरदान, विज्ञान शाप की वरदान, वाचाल तर वाचाल, माझा गाव स्वच्छ गाव. बक्षीसपात्र निबंध उघडला तर त्यात सुविचार सापडतात, चारोळी सापडते, शेवटी सर्वांनी मिळून घ्यायची शपथ सापडते. लिहिणाऱ्याचे मत काय आणि ते कशावरून, एवढेच सापडत नाही. सहावी ते आठवीत वैचारिक निबंध म्हणून आपण जे करून घेतो ते बहुतेक वेळा कागदावर उतरवलेले भाषण असते. काही वह्यांत तर पहिलीच ओळ ‘सन्माननीय व्यासपीठ’ अशी असते.

याच मुलांना पुढे दहावीच्या मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतून निवड करायची असते. वैचारिकाला हात घालायला मुले कचरतात, हे मराठी शिकवणारा कोणीही सांगेल. नववी-दहावीत त्यावर उपाय करायला वेळ नसतो. तो उच्च प्राथमिकमध्येच करावा लागतो आणि करता येतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वर्षाकाठी आठ-दहा निबंध उरकण्याऐवजी मत मांडणारे दोनच निबंध घ्यावेत, एक दिवाळीआधी सुरू होणारा आणि एक जानेवारीनंतरचा. प्रत्येकाला १२ तासिका द्याव्यात. प्रश्न असा असावा की ज्यावर गावात खरोखर दोन मते आहेत आणि ज्याचा पुरावा मुलाला स्वतः गोळा करता येतो. आठवीत दुसऱ्या बाजूचा परिच्छेद सक्तीचा असावा. ३५ मिनिटांच्या १२ तासिका म्हणजे ७ तास, दोन निबंधांचे १४. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवले आहे. त्यातले १४ तास काढणे अशक्य नाही.

आधी प्रश्नाविषयी, कारण निम्मे काम तिथेच बनते किंवा बिघडते. ‘शाप की वरदान’ या साच्यातले उत्तर मुलाला आधीच ठाऊक असते: ‘वापरणाऱ्यावर अवलंबून आहे.’ मग आधी फायदे, नंतर तोटे आणि शेवटी हे वाक्य, की संपले. ‘जागतिक तापमानवाढ’ हा विषय मोठा खरा, पण त्याचा पुरावा रावेरच्या किंवा साक्रीच्या मुलाच्या हाताशी नाही, म्हणून ते गाईडातून उतरवते. हल्ली फोनला विचारते. फोन दहा सेकंदांत नीटनेटका निबंध देतो आणि शिक्षकाला पकडता येत नाही. पण आपल्या शाळेच्या हजेरीपटावर नोव्हेंबरात किती मुले होती, हे फोनला माहीत नसते. प्रश्न त्या दिशेने वळवला की नक्कल करण्यासारखे काही उरतच नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा सकाळची करावी का? एप्रिलच्या उन्हात वार्षिक परीक्षा घ्यावी, की मार्चअखेर उरकावी? शाळेच्या मैदानाला तारेचे कुंपण घालावे, की संध्याकाळी ते गावातल्या पोरांसाठी मोकळे ठेवावे? आठवीसाठी थोडा अवघड: केळीच्या घडांना घातलेल्या स्कर्टिंग बॅगा काढल्यावर बांधावर आणि नाल्यात पडून राहतात, त्या गोळा करायची जबाबदारी शेतमालकाची, माल नेणाऱ्या व्यापाऱ्याची, की ग्रामपंचायतीची? प्रश्न पारखायच्या दोन कसोट्या आहेत. गावातल्या दोन समंजस माणसांचे यावर एकमत होणार नाही ना? आणि आठवड्याभरात, पैसे न खर्चता, पायी फिरून पुरावा मिळेल ना? दोन्हींना ‘हो’ आले तरच प्रश्न फळ्यावर लिहावा.

एक पथ्य मात्र पाळावे. ज्या प्रश्नाने वर्गातल्या ठरावीक चार-पाच मुलांचे घर सर्वांसमोर उघडे पडेल, तो देऊ नये. नंदुरबारकडच्या अनेक शाळांतून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुले असतात. मुलांनी आईवडिलांबरोबर जावे की गावी हंगामी वसतिगृहात राहावे, हा प्रश्न महत्त्वाचाच. पण त्या मुलांनी आपल्याच घराची बाजू वर्गात उभे राहून मांडायची, ही शिक्षा होते. जात, घरातले खाणेपिणे, घरातले कर्ज हे विषयही याच कारणाने टाळावेत.

आता वाचनाकडे. लिहिण्याआधी निदान तीन तासिका दुसऱ्याचे लेखन उकलण्यात घालवाव्यात. मजकूर १२० ते १५० शब्दांपेक्षा मोठा नको. आपल्या अंकातली वाचकांची पत्रे यासाठी उत्तम, फक्त एका बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे अशी जोडी मिळाली पाहिजे. मजकूर तीनदा वाचायचा. पहिल्या वाचनात लेखकाचे मत शोधून त्याखाली सरळ रेघ, दुसऱ्यात कारणांखाली दुहेरी रेघ, तिसऱ्यात पुराव्याखाली नागमोडी रेघ. रंगीत पेन्सिली असतील तर छानच, नसल्या तरी अडत नाही. तिसऱ्या वाचनानंतर बहुतेक मजकुरांत नागमोडी रेघ फारच थोड्या ठिकाणी पडते आणि मुलांना ते डोळ्यांनी दिसते. शिक्षकाने तोंडाने सांगायची गरज राहत नाही.

याहून सोपे आणि आपल्याकडे मुबलक मिळणारे साहित्य म्हणजे बियाण्यांची आणि खतांची पत्रके. मृग जवळ आला की कृषी केंद्राच्या काउंटरवर त्यांचे गठ्ठे पडलेले असतात. चार-दोन जपून ठेवावीत. ‘एकरी विक्रमी उत्पादन! आमचे वाण लावणारा शेतकरी समाधानी!’ आणि बोंडांनी लदलेल्या झाडाशेजारी फेटा बांधलेल्या शेतकऱ्याचा फोटो. मुलांना विचारावे, यात मत कोणते, पुरावा कोणता? फोटो हाच पुरावा, असे उत्तर येते. मग पुढचे प्रश्न मुले स्वतःच विचारू लागतात. जमीन काळी होती की मुरमाड? कोरडवाहू की ठिबकवर? किती वेचण्या झाल्या? त्याच वर्षी शेजारच्या शेतात दुसरे वाण किती पिकले? शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे प्रश्न शिकवावे लागत नाहीत. छापील निबंधाला आणि पुढाऱ्याच्या भाषणालाही हेच प्रश्न विचारायचे असतात, इतकेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

चर्चा पहिल्यांदा मुलांच्या बोलीत होऊ द्यावी. प्रमाण मराठीत ‘तुझे मत सांग’ म्हटले की मूल पाठ केलेले बोलते. ‘तुले काय वाटस? काबर?’ असे विचारले की खरे मत बाहेर येते आणि त्याच्या पाठोपाठ कारणही. अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी यांपैकी जी वर्गात असेल ती. शिक्षकाला ती येत नसेल तर दोन्ही भाषा जाणणारे एखादे मूल दुभाष्या होते. फळ्यावर मात्र शिक्षकाने तेच वाक्य प्रमाण मराठीत लिहावे आणि ज्याचे वाक्य आहे त्याला विचारावे, ‘तुला हेच म्हणायचे होते ना?’ हा टप्पा गाळला की मुले विचार बाजूला ठेवून शब्द शोधत बसतात.

वादाचे अवयव आपल्या परंपरेत फार जुने आहेत. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनात, ते पाच सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नावे मुलांना सांगायची गरज नाही, पण त्यातले धुराचे उदाहरण सांगावे. डोंगरावर विस्तव आहे, कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर तिथे विस्तव, जसे चुलीपाशी. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलांना हे समजवावे लागत नाही. महत्त्वाचे आहे ते मधले वाक्य, ‘जिथे धूर तिथे विस्तव’. पुरावा आणि मत यांना जोडणारा हा दुवा. मुले हाच दुवा लिहीत नाहीत, कारण तो त्यांना उघडच वाटतो. इंग्रज तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये वादाची जी मांडणी केली आणि जी आज जगभरच्या शाळांतून शिकवली जाते, तिच्यातही हा दुवा वेगळा काढून दाखवला आहे. लगेच उलटे उदाहरणही द्यावे: थंडीत पहाटे डोंगरावर दिसते ते धुके असते. त्याला धूर समजले की दुवा बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो. आपल्या जुन्या नैयायिकांनी ही चूकही नोंदवून ठेवली आहे.

वर्गात आम्ही चारच शब्द सुचवतो: मत, कारण, पुरावा, दुवा. आठवीत पाचवा, दुसरी बाजू. ‘दावा’, ‘प्रतिपादन’, ‘युक्तिवाद’ हे शब्द नंतर आले तरी चालतील.

पुरावा चार प्रकारचा असतो, असे सांगितले की मुलांना शोधायला दिशा मिळते: मोजलेला, पाहिलेला, विचारलेला आणि वाचलेला. निबंधात निदान दोन प्रकार हवेत अशी अट घालावी. वेचणीच्या प्रश्नावर हे कसे होते ते जरा सविस्तर सांगतो. ‘सविस्तर’ यासाठी, की बहुतेक मार्गदर्शने ‘मुलांना पुरावे द्यायला सांगा’ एवढ्यावरच थांबतात.

सातवीतला एक नमुना घेऊ. पहिला खर्डा बहुधा असा येतो: ‘कापूस हे पांढरे सोने आहे. शिक्षण हे वाघिणीचे दूध आहे. सोन्यापेक्षा ज्ञान श्रेष्ठ आहे. म्हणून शाळेची वेळ बदलू नये.’ वाक्ये शुद्ध आहेत, ‘म्हणून’सुद्धा आहे, पण वेळ बदलल्याने शिक्षणाचे काय नुकसान होते हे कुठेच नाही. आता गटाला हजेरीपट द्यावा, नावांचा रकाना झाकून. ऑगस्टमधली रोजची सरासरी हजेरी काढायची, नोव्हेंबरमधली काढायची. समजा, ३६ च्या वर्गात ऑगस्टमध्ये ३२ आणि नोव्हेंबरमध्ये २५ आली (आकडे नमुन्याचे आहेत). मुले लगेच लिहितात, ‘वेचणीमुळे ७ मुले गैरहजर राहिली.’ इथे शिक्षकाने थांबवायचे. ती सातही वेचणीलाच गेली होती, हे कशावरून? दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे हजेरी तशीही पातळ असते, म्हणून सुट्टीआधीचे आणि नंतरचे दोन-दोन दिवस गाळून सरासरी पुन्हा काढायची. तापाची साथ होती का? उरलेल्यांना, एकेकट्याला विचारायचे. समजा, त्यातून वेचणीला गेलेले चार निघाले. आता वाक्य बदलते: ‘आमच्या वर्गातली निदान चार मुले नोव्हेंबरमध्ये वेचणीमुळे शाळेत येऊ शकली नाहीत.’ सातावरून चारावर आल्याने मुले हिरमुसतात. पण हा चार कोणी खोडू शकत नाही आणि सात कोणीही खोडू शकतो, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे.

मग दुवा. शाळा साडेसात ते बारा केली तर ही चार मुले येतील? वेचणीची मजुरी किलोवर असते. जितका जास्त वेळ शेतात तितके जास्त किलो. दुपारी बाराला सुटणाऱ्या मुलासाठी घरचे थांबतील का? हे चौघांनाच विचारायचे. दोघे ‘आलो असतो’ म्हणाले, तर मत आखडते: वेळ बदलल्याने काहींचा फायदा होईल, सगळ्यांचा नाही. आठवीच्या वर्गात यापुढे कायद्याचा मुद्दा येतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. घरच्या कामात हातभार लावायची मुभा आहे, तीही शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत. मग शाळा सकाळची केली तर आज न जाणारी मुलेही दुपारी शेतात ओढली जाणार नाहीत का? ‘वेळ बदलू नये’ म्हणणाऱ्या बाजूचे हे सर्वांत जड कारण आहे. पांढऱ्या सोन्याच्या पहिल्या खर्ड्यात त्याचा मागमूसही नव्हता.

ही सगळी उलाढाल तीन-चार तासिका खाते. खाऊ द्यावी. एकदा एवढे हाताशी आले की १५० शब्द लिहायला सातवीच्या मुलाला एक तासिका पुरते. शब्दांचा अंदाज असा धरावा: सहावीत ६० ते ८० शब्दांचा एकच परिच्छेद, सातवीत १५० शब्दांचे तीन परिच्छेद, आठवीत दुसऱ्या बाजूसह २५० ते ३००. सहावीत पाच परिच्छेदांचा आग्रह धरला की प्रस्तावना आणि समारोप फुगतात आणि मधे काहीच राहत नाही.

भाषेकडे या निमित्ताने व्याकरणाच्या तासाला वळता येते. मराठीत खात्रीचे मोजमाप क्रियापदातच असते: आहे, असेल, असावे, असू शकते. ‘रस्ता ओला आहे, म्हणजे रात्री पाऊस झाला असावा’ आणि ‘...पाऊस झाला आहे’ यांतला फरक सातवीच्या मुलाला लगेच कळतो. टँकर सांडला असला तर? त्याचबरोबर सगळे, बहुतेक, काही, एखादा ही उतरंड. फळ्यावर एकच विधान या चारांनी चार वेळा लिहावे आणि आपला पुरावा कोणत्या शब्दाला पेलतो ते वर्गाला ठरवू द्यावे. ‘आणि’ने जोडलेल्या लांबलचक वाक्यांवर उपाय म्हणून कारण, म्हणून, मात्र, तरीही, शिवाय, उलट, जर-तर यांची पट्टी भिंतीवर लावावी. पट्टी लावून भागत नाही, हेही खरे. ‘मात्र’ लिहून पुढे तोच मुद्दा चालू ठेवणारी मुले वर्षानुवर्षे भेटतात.

चुका ठरावीक असतात, म्हणून त्यांच्या तपासण्याही ठरावीक ठेवता येतात. मताच्या जागी विषय लिहिला जातो (‘मोबाईलचा वापर’): यावर कोणी ‘मला नाही पटत’ म्हणू शकेल का, असे विचारावे, म्हणता येत नसेल तर ते मत नाही. कारण मताचीच पुनरावृत्ती असते (‘मोबाईल वाईट आहे, कारण त्याचे दुष्परिणाम होतात’): मतातले शब्द कारणातून खोडून पाहावेत, काही शिल्लक राहते का? पुराव्याच्या जागी म्हण किंवा सुविचार येतो. परिपाठात रोज सुविचार म्हणून घेतल्याचा हा परिणाम असावा. त्यावर एक झटपट उपाय आहे: ‘थांबला तो संपला’ आणि रस्त्याकडेच्या फलकावरचे ‘अति घाई संकटात नेई’ शेजारी शेजारी लिहावे. दोन्ही म्हणता येतात, म्हणजे दोन्हींनी काहीच सिद्ध होत नाही. ‘शास्त्रज्ञांच्या मते’, ‘एका सर्वेक्षणानुसार ८० टक्के’ असले की समासात एवढेच लिहावे: कोणी, कुठे, कधी? तीनपैकी दोनही सांगता येत नसतील तर वाक्य काढून टाकायचे. बनावट टक्केवारीला स्पर्धांमधून टाळ्या मिळतात, म्हणून ही सवय जाता जात नाही.

दुसऱ्या बाजूचा परिच्छेद सर्वांत जास्त बिघडतो. ‘काही लोक म्हणतात की... पण ते चुकीचे आहेत’, झाले. जुन्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडण्याची रीत होती, त्यानंतरच उत्तर. वर्गात ती अशी आणता येते. चौघांचा गट, दोन या बाजूचे, दोन त्या. दहा मिनिटांनी बाजू उलटवायच्या. मग प्रत्येकाने समोरच्याचे म्हणणे तीन वाक्यांत लिहायचे आणि त्याला दाखवायचे. ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे लिहून समोरच्याने सही केली तरच परिच्छेद मान्य. सही मिळेपर्यंत दोनदा-तीनदा लिहावे लागते आणि त्यातच खरे शिकणे होते. वादविवाद स्पर्धेत वाढलेल्या हुशार मुलांना ही सही सर्वांत उशिरा मिळते, असे दिसते. त्यांना खोडून काढायची घाई असते.

उत्तर देण्याच्या तीन वाटा दाखवाव्यात. समोरच्याचा पुरावाच चुकीचा आहे हे दाखवणे, ही पहिली. पुरावा मान्य, पण आपले कारण त्याहून जड का ते सांगणे, ही दुसरी. आणि समोरच्याचे म्हणणे इतके पटले की आपल्या मताला अट घालणे, ही तिसरी: ‘शाळा सकाळची करावी, पण वेचणीच्या चारच आठवड्यांपुरती, आणि पालकसभेत विचारून.’ गुण देताना तिसऱ्या वाटेला कमी लेखू नये. अनेक परीक्षक तिला ‘ठाम मत नाही’ म्हणून गुण कापतात. आमच्या मते ते साफ चूक आहे.

तपासणीचा प्रश्न खरा आहे. ३५ वह्या, एकेकीला सहा मिनिटे धरली तरी साडेतीन तास. मराठीच्या शिक्षकाकडे असे दोन-तीन वर्ग असले की निबंध घेणेच टळते. यावर मार्ग असा, की एका फेरीत एकच गोष्ट तपासायची. पहिल्या फेरीत फक्त मत आणि कारण, दीड मिनिट प्रति वही, म्हणजे पाऊण ते एक तास. दुसऱ्या फेरीत पुरावा आणि दुवा, आणि तीही आधी मुलांनी एकमेकांची तपासल्यावर. एकमेकांसाठी तीनच प्रश्न: मत कुठे आहे? मला न पटलेले वाक्य कोणते? कोणता पुरावा मी स्वतः जाऊन तपासू शकतो? ‘छान लिहिले आहे’ हा शेरा बाद. ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या फेरीला. पहिल्याच खर्ड्यावर लाल शाईचे शिंतोडे उडाले की पुढच्या वेळी मूल स्वतःला येणाऱ्या शब्दांपुरतेच मत बाळगते.

२० गुणांची विभागणी आम्ही अशी सुचवतो: मत ३, कारणे ४, पुरावा आणि दुवा ७, दुसरी बाजू ४, भाषा व शुद्धलेखन २. सहावी-सातवीत दुसऱ्या बाजूचे ४ गुण कारणांकडे वळवावेत. यासाठी वेगळी परीक्षा नको. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय ही साधने आहेतच. बाजू उलटवून केलेली चर्चा तोंडी कामात, हजेरीपटाची मोजणी उपक्रमात, खर्डे स्वाध्यायात धरता येतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत महिन्याला भेटणाऱ्या शिक्षकांनी एकाच प्रश्नावरचे पाच-सहा खर्डे आणून सोबत तपासले, तर गुणांचा मेळही बसेल. आज एकाच खर्ड्याला एका शाळेत १८ आणि दुसऱ्या शाळेत ९ मिळू शकतात.

स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना आणि वाचनालयांना विनंती: विषय देण्याऐवजी प्रश्न द्यावा, तो तीन आठवडे आधी द्यावा, आणि निबंधासोबत पुराव्याचा एक कागद मागावा, म्हणजे काय मोजले, कोणाला विचारले, कधी. हस्ताक्षराचे गुण काढून टाकावेत. त्याची स्वतंत्र स्पर्धा ठेवायला हरकत नाही.

आणि आपल्याला, संपादक महोदय. आपल्या पानावर आठवड्यातून एकदा सहावी ते आठवीच्या मुलांची दोन पत्रे छापावीत, एकाच स्थानिक प्रश्नावर, दोन्ही बाजूंची, शेजारी शेजारी. मुलाचा फोटो नको, नुसते इयत्ता आणि गाव पुरे. मर्यादा १५० शब्दांची ठेवावी. त्यापुढे गेलेले पत्र आपल्याकडे कापू नये, शाळेकडे परत पाठवावे. कोणते वाक्य गाळायचे ते मुलाने ठरवू दे.

आपले,
उच्च प्राथमिक वर्गांना मराठी शिकवणारे काही शिक्षक
जळगाव, धुळे, नंदुरबार